ठोकून बघणारा माणूस

आंबेसरच्या बाजारात कुणालाही विचारा, गोटीराम देवरे माणूस कसा? समोरचा उलट विचारील, "कोणता? ट्रॉलीवाला, का नगराध्यक्ष?" माणूस एकच. पण ट्रॉलीवाल्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला तर त्याची बायको सगुणाबाई बोलणाऱ्याची जीभ हासडील. नगराध्यक्षाबद्दल मात्र तिचं स्वतःचंच इतकं बोलून व्हायचं आहे की दुसऱ्या कुणाला ती तोंड उघडू देत नाही. आणि तिचं चुकतं म्हणायची गावात कुणाची छाती नाही.

आंबेसर म्हणजे देवळ्याच्या पुढचं, कांद्यावर जगणारं गाव. गोटीराम इथलाच, पण हातातलं काम मालेगावात शिकला. मागाचे मोडके भाग जोडून देणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षं त्यानं वेल्डिंग केलं. लग्न झालं तसा गावी आला आणि वेशीजवळ पत्र्याचं छप्पर टाकून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायला लागला. सगुणाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची. लोखंड धरायला माणूस नसला की पदर खोचून उभी राहायची. सासू म्हणायची, "बाईमाणसानं लोखंडात हात घालू नये." ही म्हणायची, "मग तवा कशाचा असतो, आत्याबाई?" सासू दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच चहा घेऊन कारखान्यात आली.

पहिल्या चार ट्रॉल्या सुखरूप गेल्या. पाचवी मोडली. घाटाच्या उतारावर हुकाचा जोड सुटला, कांद्यानं भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला सोडून आपल्या वाटेनं गेली आणि गोण्यांवर बसलेला कोंडाजी हमाल तिच्याखाली सापडला. जीव वाचला, डावा पाय गेला. गोटीराम दोन दिवस अन्नाला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं ती ट्रॉली ओढून आणली, तुटलेला जोड बायकोला दाखवला. वरून चकचकीत, आत पोकळ. "वरून बघून काय बी कळत नाय, सगुणा," तो म्हणाला. "लोखंडालाच विचारायला पाहिजे."

त्या दिवसापासून कारखान्यात नेम झाला. ट्रॉली पुरी झाली की गोटीराम दोन किलोची हातोडी घेऊन तिचा एकेक जोड ठोकणार आणि कान लावून ऐकणार. भरीव जोड खणकतो. पोकळ जोड बद्द वाजतो. बद्द वाजला की त्यावर खडूची फुली, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो, जोड कापायचा आणि नव्यानं करायचा. सगळे जोड खणकले की सगुणाबाईनं ट्रॉलीला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि मगच ट्रॉली फाटकाबाहेर. कोंडाजीला त्यानं फाटकावर राखणीला बसवला. तो आजही कुबडी मांडीवर घेऊन तिथंच बसतो.

बघता बघता वणीपासून सटाण्यापर्यंत लोक म्हणायला लागले, ट्रॉली घ्यावी तर ठोकून दिलेली. पत्र्याचं छप्पर जाऊन मोठी शेड आली, तीस माणसं कामाला लागली. पोरगी शिकून नाशिकला नोकरीला गेली. सगळं बैजवार चाललं होतं, आणि तेवढ्यात गोटीरामचा कान गेला.

एकदम नाही गेला. वीस वर्षं ग्राइंडरच्या किंकाळीत उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? आधी फोनवरचं ऐकू येईना, मग देवळातली आरती. एके दिवशी त्यानं जोड ठोकला आणि नुसता उभा राहिला. सगुणाबाई शेजारी कुंकवाचं ताट घेऊन उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिला कळलं, ह्याला ऐकू आलं नाही. गिऱ्हाईक समोर होतं. ती पुढं झाली आणि कुंकवाचं बोट त्या जोडाला लावलं. म्हणजे, खणखणीत वाजला. दुसरा जोड बद्द वाजला, तेव्हा तिनं ताट सरळ जमिनीवर ठेवलं. गोटीरामनं खिशातून खडू काढला.

बारा वर्षं असंच चाललं. तो ठोकायचा, ती ऐकायची. बाकीचं बोलणं तो जमेल तेवढं समोरच्याच्या ओठांवरून ओळखायचा. लोकांना वाटायचं, पूजा चाललीय. काय श्रद्धाळू जोडपं आहे हो! ट्रॉली बनवणाऱ्याला ऐकू येत नाही हे आंबेसरमध्ये सगुणाबाईखेरीज एकालाही ठाऊक नव्हतं. फाटकावर बसून सगळ्या गावाच्या खबरा गोळा करणाऱ्या कोंडाजीलासुद्धा नाही.

मग आला महेश. महेश म्हणजे रस्ते, गटारं, शेड असली सरकारी कामं घेणारा ठेकेदार, आणि पक्षाचा तालुक्यातला कार्यकर्ता. एका सकाळी शाल आणि श्रीफळ घेऊन कारखान्यात हजर. "भाऊ, गावाला तुमच्यासारख्या माणसाची गरज हाय. जो माणूस ट्रॉली ठोकून देतो, तो गाव पण ठोकून चालवील!" गोटीराम लाजला, हसला, नको नको म्हणाला. सगुणाबाईनं तेव्हाच ओळखलं. नको म्हणताना हा माणूस शालीवरून हात फिरवत होता.

निवडणुकीत चौकाचौकात फलक लागले. गोटीरामच्या हातात हातोडी, खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ठोकून बघणारा माणूस. फोटोसाठी महेशनं दुकानातून नवी हातोडी आणली होती, तिच्या दांड्यावरची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. सगुणाबाई त्या फलकाखालून जाताना दर वेळी पुटपुटायची, "आवो, निदान स्वतःची तरी धरायची." पण तीही प्रचाराला फिरली, खोटं कशाला सांगा. रविवारच्या बाजारात जाऊन तिनं भाजीवाल्या बायांना शब्द दिला की भाऊ निवडून आले की तुमच्या डोक्यावर छप्पर येईल.

हा शब्द तिनं बयाबाईच्या हातावर हात ठेवून दिला होता. बयाबाई तिच्याच माहेरची, मेथी, कोथिंबीर आणि झेंडू घेऊन दर रविवारी जमिनीवर फडकं पसरून बसणारी. गेली वीस वर्षं उन्हात. वैशाखात मेथी सुकू नये म्हणून स्वतःच्या प्यायचं पाणी भाजीवर शिंपडायची आणि स्वतः कोरड्या घशानं ओरडायची. तिच्यासारख्या दोनशे बाया. त्यांनी मतं दिली, गोटीराम नगराध्यक्ष झाला.

आणि झाला तो झाला, पुरता झाला! पांढरे कपडे आले, खुर्चीवर टॉवेल आला, गाडीच्या पुढं दुसरी गाडी आली. कारखान्यात आठवड्यातून एकदा, तोही पाहुण्यासारखा. पूर्वी लोखंडाच्या कामगाराला "अरे भाऊ" म्हणायचा, आता "बोला, काय काम होतं?" म्हणायला लागला. लोक त्याच्याशी बोलायचे, तो मान हलवायचा. ऐकू काहीच यायचं नाही, पण राजकारणात त्याचं काही अडलं नाही. उलट गावात नाव झालं, भाऊ सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात! हे ऐकून सगुणाबाईला हसावं का रडावं कळेना.

बाजाराची शेड मंजूर झाली. काम कुणाला? महेशला. दुसरं कुणाला मिळणार होतं! चार महिन्यांत एकवीस खांब उभे राहिले, वर निळा पत्रा, खांबांना पक्षाच्या झेंड्याचा रंग. पाहणीच्या दिवशी अधिकारी आले, इंजिनियर आला आणि महेशनं गोटीरामच्या हातात हातोडी दिली. सगुणाबाईला कुणी बोलावलं नव्हतं. साहेबलोकांत बाईमाणसाचं काय काम?

तिनं ते सगळं शेजारच्या पोरीच्या मोबाईलवर बघितलं. गोटीरामनं खांबाचा जोड ठोकला. मग त्याची नजर आपोआप डावीकडे वळली, जिथं बारा वर्षं ती ताट घेऊन उभी असायची. तिथं महेश उभा होता, दात काढून. गोटीरामनं एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "खणखणीत!" टाळ्या झाल्या. काम पक्कं झाल्याच्या कागदावर त्यानं सही केली.

सगुणाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. खणखणीत? कुणी ऐकलं खणखणीत? ज्याला दारातली घंटा ऐकू येत नाही तो सांगतोय खणखणीत!

तिनं पिशवी घेतली आणि ती निघाली. बाजाराचा दिवस नव्हता, पण बयाबाई उद्घाटनाआधी आपली जागा बघायला आलेली होती, तराजू-मापं घेऊन, पोरीसारखी खूश. "सगुणा, हा खांब माझा. ह्याला टेकून बसीन." सगुणाबाईनं तिच्या तराजूतलं किलोचं माप उचललं आणि खांबाच्या वरच्या जोडाला हात पोचेल तिथं ठोकलं. बद्द. दुसरा खांब. बद्द. तिसरा जरा बरा, चौथा पुन्हा बद्द. तिनं केसातला आकडा काढून जोडावर ओरखडा मारला, तसा रंगाखालून राखाडी लांबी भुरभुर खाली पडली. लांबी म्हणजे पत्र्याच्या खड्ड्यात भरतात ती मऊ भर. वेल्डिंग नुसतं टोकांना टेकवलेलं, मधली फट लांबीनं बुजवलेली, वरून झेंड्याचा रंग.

"काय गं?" बयाबाईनं विचारलं. सगुणाबाई पुढच्या खांबाकडे वळली, ती एकविसावा ठोकेपर्यंत थांबली नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आठ दिवसांवर आली होती. आखाजीच्या सुमाराला ह्या भागात दुपारची वावटळ उठते आणि कांदाचाळींचे पत्रे उडवते, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

ती थेट नगरपंचायतीत गेली नाही. नवऱ्याची अब्रू चारचौघांत काढायची नाही एवढं तिनं अजून पाळलं होतं. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिनं त्याच्या कानाशी जाऊन, एकेक शब्द तोडून सांगितलं. "जोड. पोकळ. हायेत. एकवीसपैकी. चौदा."

गोटीरामनं पायातले बूट काढून भिंतीशी लावले. मग म्हणाला, "सही झाली आता."

"मग खोडा की सही!"

"अगं, रविवारी पाहुणे येतायत. मुंबईहून. पत्रिका वाटल्या. आणि ट्रॉलीसारखा चार टन माल थोडाच हाय तिच्यावर? नुसता पत्रा हाय."

"आन् खाली?" सगुणाबाई ओरडली, इतकं की त्यालाही ऐकू गेलं. "खाली दोनशे बाया हायेत, ते? कोंडाजीचा एक पाय गेला तवा दोन दिवस जेवला नव्हता तुम्ही. आता किती पाय गेल्यावर उपाशी राहणार?"

"राजकारणात प्रत्येक गोष्ट ठोकून बघत बसलं तर माणूस जागेवरच राहतो, सगुणा. पुढच्या वर्षी दुरुस्तीत घेऊ."

दुरुस्तीत घेऊ! तीस वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली एक जोड दुरुस्तीत गेला नव्हता, जो गिऱ्हाइकाला दारात दोन दिवस बसवून ठेवायचा, तो म्हणतो दुरुस्तीत घेऊ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते असं. सगुणाबाई त्या दिवशी जेवली नाही. गोटीराम मात्र जेवला.

रविवार उजाडला. बाजार भरलेला, मांडव घातलेला, लाऊडस्पीकर बोंबलत होता. पाहुण्यांना मिरवत आणायला गोटीरामच्याच कारखान्यातली एक जुनी ट्रॉली झेंडूच्या माळांनी सजवली होती, ती शेडच्या तोंडाशी उभी होती. बाया नव्या पत्र्याखाली आपापली फडकी पसरून बसल्या होत्या. बयाबाई तिच्या खांबाला टेकून होती, डोक्यावर सावली, चेहऱ्यावर तेज. सगुणाबाई तिला म्हणाली, "तू उठ इथून." बयाबाई म्हणाली, "वीस वर्षांनी बसले, आन् तू उठवतीस? तूच तर शब्द दिला होता." शब्द तिचाच होता.

महेशला त्या दिवशी सगुणाबाई पाहिजे होती. नगराध्यक्ष ठोकणार, वहिनी कुंकू लावणार, मोबाईलवर काढून सगळीकडे पाठवायचं. त्यानंच तिच्या हातात ताट दिलं. गोटीरामनं हातोडी उचलली, बयाबाईच्या खांबाचा जोड ठोकला आणि सवयीनं डावीकडे बघितलं. या वेळी ती तिथं होती.

सगुणाबाईनं वाकून ताट जमिनीवर ठेवलं.

गावाला काही कळलं नाही. गोटीरामला कळलं. त्याचा हात खिशाकडे गेला, जिथं पूर्वी खडू असायचा. "वहिनी, लावा की कुंकू," महेश कुजबुजला. पाहुण्यांनी घड्याळात बघितलं. एवढं झाल्यावर गोटीरामनं जे केलं ते सगुणाबाई मरेपर्यंत विसरणार नाही. तो स्वतः वाकला, ताटातलं कुंकू बोटावर घेतलं आणि पोकळ जोडाला फासलं. लाऊडस्पीकरमध्ये म्हणाला, "खणखणीत!"

टाळ्या वाजायच्या आत सगुणाबाईनं बयाबाईच्या तराजूतलं किलोचं माप उचललं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "खणखणीत कसं वाजतं ते आधी ऐका." तिनं सजवलेल्या जुन्या ट्रॉलीच्या हुकावर माप हाणलं. झेंडू उडाले, आवाज थेट मारुतीच्या पारापर्यंत गेला. "ही वीस वर्षांपूर्वीची. ह्याच माणसानं जोडली. आता हे ऐका." तिनं खांबावर हाणलं. बद्द. पुन्हा हाणलं. लांबीचा एक तुकडा कुंकवासकट निखळून बयाबाईच्या मेथीवर पडला.

मागं उभी असलेली माणसं बघायला पुढं सरकली.

"वहिनींचा काहीतरी गैरसमज झालाय," महेश लाऊडस्पीकरमध्ये हसत म्हणाला. "वय झालं की जरा कमी ऐकू येतं." चारदोन जण हसले. सगुणाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. अजून वेळ होती. त्यानं एक शब्द बोलायला हवा होता, एकच. गोटीराम महेशच्या ओठांकडे बघत होता, आणि लोक हसतायत म्हणून तोही हसला.

मग मात्र तिचा बांध फुटला. "कमी ऐकू मला येतं? मला? बारा वर्षं ह्यांच्या एकेका ट्रॉलीचा जोड मी ऐकला! ह्यांना काय बी ऐकू येत नाय. तुम्ही सभेत काय बोलता ते नाय, तुमच्या तक्रारी नाय, आत्ता मी बोलतीय ते पण नाय! मी झाकून ठेवलं, माझं चुकलं. ट्रॉली खोटी जात नव्हती म्हणून झाकलं. आता दोनशे बायांच्या डोक्यावर खोटं उभं केलं, आता कशाला झाकू?" रडत रडत तिनं कनवटीचा खडू काढला आणि खांबावर हातभर फुली मारली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. चौदाव्यावर फुली पडेपर्यंत कुणी तिला अडवलं नाही.

सगळ्यात आधी बयाबाई उठली. तिनं मेथीवरचा चुरा झटकला, फडकं गोळा केलं आणि शेडबाहेर, तिच्या जुन्या जागेवर, रणरणत्या उन्हात जाऊन पसरलं. "चला गं," ती बाकीच्यांना म्हणाली, "डोकं शाबूत राहिलं तर पदर घेता येतो." बाया एकेक करून उठल्या. पाहुणे फीत न कापता गाडीत बसले, मागोमाग महेश गेला. गोटीराम हातोडी घेऊन रिकाम्या शेडमध्ये उभा राहिला. काय झालं ते त्याला कुणीतरी लिहून दाखवेपर्यंत पुरतं कळलं नव्हतं, असं म्हणतात. सगुणाबाई म्हणते, सगळं कळलं होतं.

सोमवारी वणीकडचा भिमाजी नावाचा शेतकरी त्याची नवी ट्रॉली न्यायला आला. नारळ, फुलं, सोबत घरची चार माणसं. सगुणाबाई ताट घेऊन आली. गोटीराम त्या दिवशी नगरपंचायतीत गेला नव्हता. जुना कळकट सदरा घालून आला, कुणाशी न बोलता आपली हातोडी उचलली आणि हुकाचा जोड ठोकला.

भिमाजीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. तो सरळ सगुणाबाईकडे वळला. "ताई, वाजली का?"

फाटकावर कोंडाजीनं मान वर केली. कारखान्यातली तीस माणसं हातातलं काम सोडून उभी राहिली. गोटीरामला प्रश्न ऐकू आला नव्हता, पण भिमाजीचं तोंड कुणाकडे आहे ते त्यानं बघितलं.

"वाजली," सगुणाबाई म्हणाली आणि जोडाला कुंकू लावलं. मग ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी. "बाजारात चौदा खांबांवर फुल्या हायेत. ते कापून घेतले की मला बोलवा. मी येईन ऐकायला. तवर ही हातोडी इथं ठेवा."

तिनं हात पुढं केला. गोटीरामनं हातोडी तिच्या हातात दिली, आणि पुढचा जोड तिनं स्वतः ठोकला.